तुझ्या ओट्याखालचा कोपरा

अक्का, शेवटी तुझ्या कोपऱ्यात माझा हात गेला. नुसता हात नाही, पार खांद्यापर्यंत गेला. तू असतीस तर गेला नसता, हे तुला ठाऊक होतं. मला परवा कळलं.

तेरावं झालं, पाहुणे पांगले. स्वाती अजून आहे, पण तिची रजा संपत आलीय. परवा सकाळी तिचाच फोन आला. "मावशी, बाबांना साधी साखर सापडत नाही गं. आईनं कुठं काय ठेवलंय ते तिचं तिलाच माहीत. तू येऊन स्वयंपाकघर लावून दे ना. तुझ्यासारखं कुणाला जमत नाही." तुझ्या लेकीनं हे म्हणावं आणि ते ऐकायला तू नसावीस! आमच्याकडं पाण्याचा दिवस होता, नळ नुकता सुटला होता. पिंप अर्धंच भरून मी तशीच निघाले. गारखेड्यापासून सिडकोपर्यंत रिक्षात डोळे पुसत आले. पण खोटं कशाला सांगू, पोटात कुठंतरी बारीकशी खुशीही होती. इतक्या वर्षांची आपली हुज्जत, आणि शेवटी कोपरा माझ्या ताब्यात आला होता.

किती भांडलो गं आपण त्या कोपऱ्यावरून! तुझा ओटा भिंतीला धरून वळणारा. जिथं वळतो तिथं खाली ते आडमुठं कपाट. दार एकाच बाजूला, आणि आत काळोख पार भिंतीपर्यंत. पुढचं दिसतं, मधलं चाचपडून कळतं आणि मागचं देवालाच माहीत. माझ्याही घरी तसलाच कोपरा. मी त्यात गोल फिरता ट्रे बसवून घेतला. हरभऱ्याची डाळ पाहिजे, फिरवा. पोहे पाहिजेत, फिरवा. जे मागं असतं ते आपण होऊन पुढं येतं. तुला दाखवायला मी मुद्दाम जेवायला बोलावलं होतं. तू कमरेवर हात ठेवून बघितलंस आणि म्हणालीस, "जत्रेतला पाळणा हाय व्हय हा, शोभे? डाळीला चक्कर येईल की."

मी हार मानणारी नव्हे. गुलमंडीतून तुझ्या मापाचा ट्रे आणला. तू तो जेवणाच्या टेबलावर मांडलास. त्यावर मीठ, लोणचं, शेंगदाण्याची चटणी. दाजी जेवताना लहान पोरासारखा तो गरगर फिरवायचे आणि लोणचं नेमकं माझ्यापुढं आणून थांबवायचे. तू पदर तोंडाला लावून हसायचीस. मीही हसायचे. मूर्खच मी.

तुला मी किती सांगितलं. अक्का, जड बरण्या खाली ठेव, हलकं वर ठेव. रोजचं हाताशी, सणासुदीचं मागं. नवी डाळ आणली की जुनी पुढं ओढ. गॅसच्या बाजूला मसाला ठेवू नको, उबेनं मरतो. सगळं ऐकून घ्यायचीस, मान डोलवायचीस आणि आपलंच करायचीस. पुढं पोह्यांचा डबा, त्यामागं कुरडयांचा, त्यामागं भगर, त्यामागं तळणीची मोठी कढई. मागचं काही काढायचं तर सगळा संसार फरशीवर मांडावा लागायचा. "अगं, मग मागं ठेवतेस कशाला?" म्हणून विचारलं तर म्हणायचीस, "माझा हात लांब आहे." माझ्याहून वीतभर बुटकी बाई तू! तुझा हात कसला लांब?

आणि तुझा हात प्लास्टरमध्ये होता ते आठवतं? मी रोज येऊन पोळ्या करत होते. एक दिवस तू आंघोळीला गेलेली. मला वाटलं, ही बाहेर येईपर्यंत कोपरा चकाचक करून ठेवावा, बघून खूश होईल. दोन डबे काढले नाहीत तोच ओल्या केसांनी धावत आलीस. "हात लावू नको त्या कोपऱ्याला! माझं घर हाय हे, तुझं नाय!" असं तू माझ्यावर जन्मात कधी ओरडली नव्हतीस. पोळपाट तसाच टाकून मी निघून आले. कितीतरी दिवस बोलले नाही. मग आमच्या पाण्याच्या दिवशी तूच दारात उभी, एक हात गळ्यात बांधलेला, दुसऱ्या हातात ज्वारीच्या पापड्यांचा डबा. डबा ठेवून बादल्या सरकवायला लागलीस. मी तिथंच विरघळले. वाटलं, दुखण्यानं चिडली असेल बिचारी. बिचारी! दुखणं कशाचं होतं ते आत्ता कळतंय.

परवा मी फरशीवर जुनी चादर अंथरली आणि बसले. पोहे निघाले. कुरडया निघाल्या. भगरीला जाळी धरलेली होती. माझं खरं ठरलं म्हणून मी मनातल्या मनात तुला चिडवलंही. कढई निघाली. झाकणं निघाली, ज्यांचे डबे कधीच मोडीत गेले असतील. मग गुडघे टेकले, गाल कडप्प्याला लावला आणि हात आत घातला. अगदी शेवटाला, भिंतीच्या कोनात, बोटांना गारगार चिनी माती लागली. आणि तिच्या तोंडाला कापड.

ओढून उजेडात आणली. पिवळट बरणी, वरून तपकिरी. तोंडाला त्या कापडाचा दादरा, आणि तो बांधलेला हिरव्या लुगड्याच्या फाडलेल्या काठानं, दुहेरी गाठ मारून. अक्का, ती गाठ मी आंधळी झाले असते तरी बोटांनी ओळखली असती. मायची गाठ. मायची बरणी. माझ्या घरी तिची जोडीदार आहेच की, तीत मी लिंबाचं लोणचं घालते. पण ही जड होती. ही भरलेली होती.

मायचं येसर.

तुला सांगायला नको, पण मला पुन्हा बोलायचंच आहे. खुलताबादच्या वरच्या अंगाला आपलं ते एवढंसं घर. उन्हाळ्यात माय अंगणात चूल मांडायची. गहू, ज्वारी, हरभऱ्याची डाळ, धणे, खोबरं, दगडफूल, लाल मिरच्या, एकेक वेगळं भाजायची, आमटीला लावायचं पीठ त्याचं दळायची, आणि आपण दोघी शिंका देत सुपं धरून बसायचो. माप म्हणून काही नाही. सगळं ओंजळीनं, सगळं वासावर. आणि नवं येसर बरणीत भरायच्या आधी बरणी कधी धुवायची नाही. तळाशी मूठभर जुनं ठेवायचंच. त्यावर नवं. "रिती केली की बरकत जाते," म्हणायची. त्या मुठीत तिच्या सासूच्या हातची मूठ होती, तिच्यात अजून कुणाची. दर वर्षी मागची मूठ पुढं जायची. त्या आमटीला जी चव होती ती त्या मुठीची होती, असं मी आजही मानते.

शेवटच्या उन्हाळ्यात मायनं केलं आणि दिवाळीच्या आत गेली. आपण दोघीच, भाऊ नाही. दोन बरण्या, दोघींना एकेक. भांडण नाही, तंटा नाही. उलट मायच्या पाटल्या तूच माझ्या हातात चढवल्यास. मी नको म्हणत होते, तू म्हणालीस, "तुझ्या मनगटाला शोभतात." सोन्याच्या बाबतीत असं मोठं मन असलेली बहीण मी दुसरी बघितली नाही. गावभर सांगत फिरले मी ते.

मग वर्षश्राद्ध आलं. जेवण तुझ्या घरी घालायचं ठरलं. मी म्हटलं, मायच्या जेवणावळीला मायच्याच येसराची आमटी पाहिजे. थोडं तुझं घेऊ, थोडं माझं. तू फोनवर म्हणालीस, "माझं संपलं गं शोभे. केव्हाच संपलं. तुझं घेऊन ये."

मी आणलं, अक्का. बरणी मांडीवर धरून रिक्षात बसले होते. तुझ्या ओट्यापाशी उभी राहून मोठ्या पातेल्यात ओतलं. तळाशी आलं तेव्हा माझा हात थांबला. मी तुला विचारलं, "मूठभर ठेवू का गं?" आठव, तू काय म्हणालीस. तू म्हणालीस, "ठेवून काय करायचं? एवढी माणसं जेवायची आहेत, आमटी पातळ होईल. झटकून घे." मी बरणी उलटी करून बुडावर थापा मारल्या. आणि तुझी भरलेली बरणी माझ्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर, त्या कोपऱ्यात, दादरा बांधून बसलेली होती. माणसं बोटं चाटत जेवली. मामांनी वाटीवर वाटी मागून घेतली. तू वाढत होतीस.

केसानं गळा कापलास गं माझा. दुसरा शब्द नाही. परक्यानं कापला असता तर मी चार शिव्या घालून मोकळी झाले असते. तुला काय घालू? परवाच्या दिवशी तुझ्या हार घातलेल्या फोटोकडं मी पाठ करून बसले. मला तोंड बघायचं नव्हतं तुझं.

त्यानंतर दर उन्हाळ्याला मी येसर करत आले. मोंढ्यातून धणे निवडून आणायचे. मिरची बदलली. दगडफूल वाढवलं, कमी केलं. गॅसवर भाजलं, मग गच्चीवर विटा मांडून चुलीवर भाजलं, शेजारीण भांडायला आली. घरात सगळ्यांना ठसका लागायचा. आमचे हे म्हणायचे, "चांगलं झालंय की, पुरे आता." मला पुरे व्हायचं नाही. काहीतरी राहत होतं. शेवटी मी तुझ्याकडं यायचे, डबी पुढं करायचे. तू चिमूट तळहातावर घ्यायचीस, डोळे मिटून हुंगायचीस आणि म्हणायचीस, "अगदी मायसारखं झालंय."

आता मला एक सांग. ते तू मी गेल्यावर त्या बरणीशी ताडून बघायचीस का? कोपरा रिकामा करून, सगळे डबे फरशीवर मांडून, दादरा सोडून? का माझी समजूत काढायला बोलायचीस? का तुला माझी गंमत वाटायची? एकदा तरी तुझ्या मनात आलं नाही, की या येडीला एक मूठ द्यावी? एक मूठ, अक्का! ती माझ्या बरणीच्या तळाशी गेली असती. तिच्यावर नवं पडलं असतं, दर वर्षी पडत गेलं असतं, आणि आज माझ्या घरात, तुझ्या घरात, स्वातीच्या घरात मायचं येसर असतं. मी तुझ्यापुढं उभी राहून रडले होते एकदा, "मला वासही आठवेना गं आता." तू माझी पाठ थोपटलीस. पाठ थोपटलीस आणि चहा टाकलास. तोंडाला पानं पुसणं म्हणतात ते याला.

परवा मी गाठ सोडली. सुटता सुटेना, दातांनी ओढली. दादरा काढला. डोळे मिटले आणि नाक आत घातलं.

काही नाही. खवट खोबरं, आणि बंद खोलीचा कोंदट वास. रंग मातीचा झालेला, मधे गाठी, कडेला बारीक जाळी. बोट बुडवून जिभेला लावलं. कडू. थुंकावं म्हटलं तर थुंकताही येईना, मायचं होतं. गिळलं.

वर गळ्यापासून बोटभर जागा रिकामी होती. म्हणजे तू आधी थोडं वापरलंस, आणि मग थांबलीस. कधी थांबलीस, का थांबलीस? तुलाही वाटलं असेल, वापरलं की संपेल, संपलं की माय संपेल. ते मला कळतं. तुझ्याहून धाकटी आहे, पण तिच्याच पोटची आहे मी. नाही कळलं ते एवढंच, की ती तुझ्या एकटीची कशी झाली. आणि दडवून तरी काय राखलंस? स्वतः खाल्लं नाहीस, मला दिलं नाहीस, आणि ते त्या काळोखात बसल्या बसल्या मरून गेलं. ज्या वर्षी मागत होते त्या वर्षी त्याला वास होता. मला तेवढा पुरला असता.

चार दिवस अंथरुणाला खिळली असतीस तर सांगितलं असतंस का? मी पायथ्याशी बसले असते, तू म्हणाली असतीस, "शोभे, कोपऱ्यात बघ." मी कडाकडा भांडले असते, आणि मग तुझ्या तोंडात पेजेचा चमचा घातला असता. तेही तू करू दिलं नाहीस. दुपारी फोनवर कैरीचा भाव सांगितलास आणि संध्याकाळी गेलीस. भांडायला माणूस लागतं गं. या बरणीशी काय भांडू?

आणि भांडणारी मी तरी कोण? शहरात नवी नवरी होऊन आले तेव्हा मला गॅस पेटवायची भीती वाटायची. तू रोज सकाळी तुझं घर आवरून, दोन रिक्षा बदलून यायचीस आणि माझ्या मागं उभी राहायचीस. माझ्या बाळंतपणात डिंकाचे लाडू वळताना तुझे तळहात भाजले होते. येसर भाजताना कुठलं धान्य आधी आणि कुठलं मग, हेही मला तूच शिकवलंस, मायनं नाही. हे सगळं खरं. पण ते आठवलं की राग कमी होईल म्हणावं, तर उलट वाढतो. वाईट बाईनं हे केलं असतं तर मला झोप लागली असती.

बाहेरच्या खोलीत स्वाती तुझ्या साड्या लावत होती. तिची चाहूल लागली तसा मी दादरा बांधला, बरणी टॉवेलात गुंडाळली आणि माझ्या पिशवीत घातली. का, ते विचारू नको. हात आपोआप चालले. मग कोपरा लावला. दाजींसाठी साखर, चहा, तांदूळ, मुगाची डाळ, सगळं हाताशी. तुझ्या टेबलावरचा तो ट्रे धुऊन आत बसवला. फिरवून दाखवला तर दाजी बघत राहिले. म्हणाले, "तिला आवडलं नसतं." मी म्हटलं, "नसतंच आवडलं."

घरी आले. बरणी कुठं ठेवावी म्हणून माझा कोपरा उघडला. आणि लक्षात आलं, माझ्या कोपऱ्यात दडवायला जागाच नाही. सून येता जाता ट्रे फिरवते, मागचं सगळं पुढं येतं. तशीच खाली बसले. डबे उतरवले, ट्रे उचलला, बरणी भिंतीच्या कोनात सारली. पुढं डाळी, त्यापुढं पोहे, त्यापुढं मोठी कढई. सून म्हणाली, "अहो आई, ट्रे का काढला? किती सोयीचा होता." मी म्हटलं, "करकरत होता."

आज सकाळी स्वातीचा फोन आला. निघायची तयारी चाललीय तिची. म्हणाली, "मावशी, या उन्हाळ्यात मी स्वतः येसर करून बघणार आहे. तू मला शिकव. आई सांगायची, तळाशी जुनं मूठभर लागतं. आजीच्या हातचं थोडंसं तरी राहिलंय का गं तुझ्याकडं?"

मी कोपऱ्यासमोरच उभी होते. फार तर दोन डबे आणि एक कढई बाजूला करायची होती. सांगायला हरकत नव्हती, ते आता कशातच घालण्याजोगं नाही. पण सांगितलं असतं तर कुठं सापडलं तेही सांगावं लागलं असतं. मी तुझी लाज झाकली की माझी बरणी, माझं मला समजेना.

"नाही गं बाई," मी म्हटलं. "संपलं. केव्हाच संपलं. माझ्यातलं देते तुला मूठभर."

"बरं," ती म्हणाली. लगेच विश्वास बसला तिचा, अक्का. माझा बसला होता तसाच.